तीनच्या घंटा

मनोऱ्याला दार आहे, पितळी,
पण ते आपल्यासाठी नाही, व्हर्लीन म्हणते
आणि फ्लोरिडाचं ऊन चुकवत
ओकखाली घडीची खुर्ची उघडते.
फांद्यांवरून राखाडी शेवाळ लोंबतंय,
न विंचरलेलं.

चाळीस वर्षं तिनं संत्री निवडली
टेकडीखालच्या शेडमध्ये;
डागाळलेली डावीकडे, रसाला.
पट्टा थांबायचा नाही, पण तीनला
हात आपोआप मंदावायचे.
तिथं आता गाड्या धुतात.

ऑर्विल वर असायचा, तारांना तेल द्यायला.
घरी येऊन सांगायचा,
घंटा जागच्या हलत नाहीत गं,
नुसती जीभ हलते.
"म्हणजे तुझ्यावर गेल्यात."

तीन.
तळ्यातला मनोरा आधी थरथरतो,
की मासा होता?
मग पहिला टोल,
मग सगळेच, एकमेकांच्या अंगावर सांडत.

खालच्या पट्टीतली एक
किंचित उशिरा पोचते.
"ही! हिची तार त्याला कधी जमलीच नाही."
नव्या वादकानं ती दुरुस्त तर नाही ना केली,
एवढंच बघायला ती दर गुरुवारी येते.

मग पिशवीतून संत्रं काढते, डागाळलेलं,
आणि न विचारता
अर्धं माझ्या हातावर ठेवते.