थांबा : टाऊन हॉल

तीस वर्षं बाबांनी या बागेचं नाव पुकारलं,
'टाऊन हॉल, सीपीआर, चला, उतरून घ्या मागनं,'
आणि स्वतः कधी उतरले नाहीत.
केएमटीच्या मागच्या दारात एक पाय फळीवर,
काखेत चामड्याची पिशवी,
हातात दोरी : एक घंटी, थांब. दोन, चल.
बाग त्यांना माहीत ती कुंपणावरून दिसणाऱ्या
थोड्या हिरव्याएवढी,
तीही पॅसेंजरांच्या डोक्यांमधून.

आता ते रस्त्यापलीकडं, पुरुष विभाग, खाट चौदा.
उजवा हात झोपलेला, जीभ त्याहून गाढ.
भेटायची वेळ चार ते सहा.
उरलेला दिवस मी इथं काढते.

अश्विन लागलाय. पाऊस गेला म्हणतात,
कुठला गेलाय, हवेत उभा आहे नुसता.
एक्स-रेच्या पाकिटाला पोक आलं,
सकाळी फोडलेला बिस्किटपुडा दुपारी मऊ,
उठायला जावं तर साडी बाकाला धरून बसते.
तोफेच्या चाकावर शेवाळ चढलंय,
बोट लावलं की थंड,
दिवसभरात तेवढंच थंड.

वर वटवाघळं.
पहिल्या दिवशी वाटलं, कुणी चामड्याचे तुकडे
वाळत घातलेत फांद्यांना.
मग एकानं पंख उघडून स्वतःला वारा घातला,
खाट बाराची बायको नवऱ्याला
पेपरच्या घडीनं घालते, अगदी तसा.
उकाडा त्यांनाही होतो हे कळलं
आणि वासाची शिसारी गेली.

इथं येणारे सगळे बागेत आलेले नसतात.
कागलचं जोडपं डबा सोडतं, भाकरी मोजतं,
अर्धी पुन्हा फडक्यात बांधतं.
एक पोरगा तोफेला टेकून रक्ताच्या बाटलीसाठी फोन लावतो,
प्रत्येकाला आधी 'जेवलास का' विचारून.
निपाणीची म्हातारी चपला उशाला घेऊन झोपते,
झोपेतही केसपेपरवरची मूठ सुटत नाही.
फुलांपाशी बसतात ती कॉलेजची दोघं,
तीही फुलं बघत नाहीत.

दस्तगीरमामा माळी चौथ्या दिवशी म्हणाले,
'नुसतं बसून का झुरालाईस? ही पाईप धर वाईच.'
मी म्हटलं, हवेतच एवढं पाणी, झाडाला आणि कशाला?
'हवेतलं पानाला, पोरी. मुळाची तहान येगळी.'
धरली पाईप. पायांवर चिखल उडाला.
अर्धा तास घड्याळ बघितलं नाही
आणि मग चोरी केल्यासारखी जिने धावत चढले.
बाबा झोपलेलेच होते.

एकोणिसाव्या दिवशी सोडलं.
रिक्षावाला म्हणाला, 'थेट उचगाव न्हवं?'
'आधी समोर.'
'समोर? ह्ये काय, पन्नास पावलं.'
'मीटर चालू ठेवा.'

बाकावर बसवलं,
पाय जमिनीला टेकलेत का बघितलं.
त्यांनी आधी झाडं बघितली नाहीत.
कुंपणाकडं बघितलं, पलीकडून जाणाऱ्या बसकडं,
तिच्या खिडक्यांतल्या डोक्यांकडं.
मग मान कणाकणानं वर गेली,
वटवाघळांपाशी थांबली, तिथंच राहिली.
मी त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली,
कपाळाचा घाम पुसला. पुन्हा आला.
राहू दिला.

दिवेलागणीला एकेक वटवाघूळ सुटलं,
आधी फांदीवरून नुसतं पडल्यासारखं,
मग पंचगंगेच्या बाजूला.
मामांनी शिट्टी फुंकली, गेट लावायची.
बाहेर रिक्षाचा हॉर्न.
'निघायचं, बाबा?'

डावा हात उचलला त्यांनी,
आणि बाकाच्या लोखंडी पट्टीवर
अंगठीनं एकदा वाजवलं.

मी दुसऱ्याची वाट बघितली.
मग मांडीवरची पर्स काढून
बाजूला ठेवली.