साडेदहा महिने

भाडं बारा महिन्यांचं धरू नये,
हे पहिल्याच वर्षी कळलं.
करार अकराचा,
आणि मे लागला की नऱ्ह्यात पोरं दिसत नाहीत,
मेसवालासुद्धा गावी जातो,
अर्ध्या भाड्यावर तडजोड होते.
म्हणून वहीत आधी साडेदहा लिहायचे.

मग वजाबाकी.
सोसायटीचा मेंटेनन्स, वर भाडेकरू ठेवल्याचा दंडासारखा आकार.
मार्चपासून टँकर.
गीझरची कॉइल, कारण पाणी क्षाराचं, वर्षाला एक जातेच.
करारनोंदणी, पोलीस चौकीचा कागद, एजंट.
बेसिनमध्ये केस, मॅगी, एकदा चक्क कंपासपेटीतलं कर्कटक.
प्लंबर इलाही बागवान
माझा फोन उचलतो तोच हसत.

चौतीस वर्षं खडकीच्या फॅक्टरीत
लोकांच्या पगाराच्या बेरजा केल्या मी,
पैशाची चूक नाही.
इथे मात्र दर वर्षी हजार-बाराशे कुठेतरी गळतात.

यंदा चौघी होत्या.
तिघी चाव्या देऊन गेल्या.
चिखलीची श्रावस्ती इंगळे थांबली, हातात झाडू.
म्हणाली, काकू, डिपॉझिटमधून कापा,
आम्ही भिंतीवर लिहिलंय.

ओट्याच्या वर, पेन्सिलीनं, मुंगीएवढं:
गॅस भागिले चार.
दूध. श्रावस्तीचे ३५ ईशान्वीकडे.
वायफाय मधुरिमा देणार. देणार. देणार!
परीक्षा फी, आणि पुढे आकडा नाही,
नुसती एक रेघ,
दाबून ओढलेली, गिलाव्यात शिरलेली.
त्याखाली: फेब्रुवारीत भाजी नको. वरण चालेल.

फेब्रुवारी.
मी वही उघडली, तिथेच, उभ्यानं.
फेब्रुवारी: भाडे जमा, पाच तारीख, पूर्ण.
शेजारी माझंच अक्षर:
पुढल्या वर्षी पाचशे वाढवायला हरकत नाही.

बराच वेळ दोघी काही बोललो नाही.
मग दिसलं, एप्रिलची बेरीज चुकलीय,
सदतीस रुपयांनी.
पेन्सिल मागितली.
हातचा धरायचा राहिलाय, म्हटलं, हा बघ.
ती चष्मा सावरून जवळ आली,
आणि आम्ही ती भिंत
वरपासून खालपर्यंत तपासली.

सोमवारी पेंटर आला.
ही भिंतपण?
मार, म्हटलं. नव्या पोरी येतील,
त्यांना कोरी लागेल.

यंदाही हजार-बाराशे गळाले.
कुठे, ते माहीत आहे.
वहीत लिहिलेलं नाही.