सात नंबरचं पान

सावद्याच्या पुढे, सुकी नदीच्या अंगाला
लीलाधर झोपे यांची केळी.
पहाटेचे सव्वाचार. थ्री-फेज आत्ताच गेलेली,
ठिबकच्या नळ्या शेवटचं थुंकताहेत.
आडनाव झोपे, आणि आठवडाभर
रात्रीच्या विजेनं माणसाचा डोळा लागू दिलेला नाही.

मी अंधारात चाचपत पान कापते,
गोल तुकडा, रुपयाएवढा,
आणि वाफाळत्या थंड डब्यात सोडते.
उणे एकशे शहाण्णव.
जे जसं होतं तसंच थिजावं म्हणून.

"पानाले काय इचारता इतक्या रातचं?"
"कडी लागलीये का, एवढंच."

कारण हिरव्या कणाच्या आत
प्रथिनं रात्री स्वतःलाच आतून कडी घालतात :
गंधकाचा एक अणू, गंधकाचा दुसरा,
बोटांत बोटं. चूल बंद.
उजेड पडला की इलेक्ट्रॉन निघतात
या ओंजळीतून त्या ओंजळीत,
आणि थायोरेडॉक्सिन नावाचं एक किरकोळ अंगाचं प्रथिन
दारोदार कड्या काढत जातं.
मग साखर.
नुसती सावली आली तरी मागून दुसरं कुणी येतं,
तेच इलेक्ट्रॉन परत मागून घेतं.

शनिवारी फैजपूरच्या लॅबमध्ये जेलवर पट्ट्या उमटल्या.
मिटलेली प्रथिनं पुढे पळतात.
उघडलेल्यांना आम्ही शेपूट बांधतो, ती मागे राहतात.
एक ते सहा : सगळी मिटलेली, शहाण्यासारखी.
सात नंबर : दोन पट्ट्या.
अर्धं पान जागं.

फोन लावला. बराच वेळ
नुसता मोटारीचा आवाज.
मग : "तुम्ही बांधावर डब्याकडे गेल्या ना ताई,
तवा माही चप्पल चारीत गेली व्हती.
बॅटरी लावली. पाच मिनटं. जास्तीत जास्त पाच."

दोन सेलची जुनी बॅटरी.
पिवळा, मरतुकडा उजेड,
तोही चपलेसाठी.

वहीत लिहिलं : सात, रद्द.
कारणाच्या रकान्यात 'चप्पल' लिहायला
हात धजला नाही. रकाना अजून कोरा आहे.

"लय नुकसान झालं का?"
"नाही हो. त्याला वाटलं, उजाडलं."
"कोनाले?"
"पानाला."

मोटार बंद झाली बहुतेक. तिकडे एकदम शांत.
"मंग? झोपलं का परत?"
"झोपलं असेल," मी म्हटलं,
"तुमच्या आधी."