एक वीत आणि चार बोटं

कपाळापासून पॅनेलपर्यंत
एक वीत आणि चार बोटं.
दर विमानात मी आधी हेच मोजते,
इंजिनाचं तेल नंतर.
आई पार्का शिवायची त्याच मापानं,
टेप कधी वापरली नाही तिनं.
वैमानिक हसतात. हसू देत.

कुस्कोक्विमच्या काठानं रस्ते नाहीत.
टपाल, दूध, दिवस भरलेली बाई, शवपेटी,
शाळेचा बास्केटबॉलचा संघ,
सगळं या चार-सहा सीटांच्या डब्यांतून येतं-जातं.
आणि जुन्या डब्यांत पट्टा म्हणजे फक्त कमरेचा.
तो माणसाला धरतो
मिटत्या चाकूच्या खिळीसारखा:
मूठ जागच्या जागी,
पातं मिटत येतं.

मकारचं विमान विलोच्या झुडपांत उतरलं.
पडलं असं म्हणवत नाही.
उतरलंच, जरा जोरात, नाक खाली घालून.
पंख शाबूत.
मागच्या खोक्यात तीस डझन अंडी, फुटली चार.
खिशातल्या काड्या कोरड्या.
बीव्हरच्या कातड्याचे हातमोजे, मी शिवलेले,
मांडीवर ठेवल्यासारखे.
फक्त भुवईच्या वर
एका खटक्याएवढी खूण.
डॉक्टरीण म्हणाली, बाहेरून एवढंच दिसतं.

बर्फ वितळल्यावर त्यांनी विमान ओढून आणलं,
प्रोपेलर बदलला.
जूनमध्ये ते उडत होतं.

तो लाल खटका माझ्याकडे आहे,
रिव्हेटांच्या डब्यात.
कुणी फारच वाद घातला तर काढून दाखवते.
वाद ठरलेले:
वजन वाढतं.
खांदा जखडला की इंधनाच्या कळीपर्यंत हात पोचत नाही.
अकरा मिनिटांचं तर उड्डाण.
हेल्मेट पाहून प्रवासी घाबरतात, विचारतात,
आज काही होणार आहे का?
म्हातारा झाखार म्हणाला,
माझं डोकं आजवर कुणाला फोडता आलं नाही,
बायकोलासुद्धा.

त्याच्या विमानात माझे दोन रविवार गेले.
छताच्या आतून जाड पट्टी बसवली,
कारण नुसत्या पत्र्याला टाचलेला पट्टा
म्हणजे शोभा.
बिल दिलं नाही त्यानं. मासे दिले.
हेल्मेट मात्र स्वतःच्या पैशानं घेतलं,
कुणाला सांगू नकोस म्हणाला.

सप्टेंबरात तो वाळूच्या बेटावर उलटा झाला
आणि चालत हँगरमध्ये आला.
खांद्यापासून छातीवर तिरका,
तीन बोटं रुंद, जांभळा वळ.
हेल्मेटला कानाच्या वर चीर.
हे सांधून दे, म्हणाला, नवंच आहे.
नाही म्हटलं.
एकदा कामी आलं की ते संपलं.
खटू झाला. आधी मासे परत मागितले,
मग म्हणाला, तुझ्या पट्ट्यानं खांदा फार दुखतोय.
दुखू दे, म्हटलं.
दुखायला माणूस लागतो.

आता दारात दुसरं उभं आहे.
पुढच्या दोन सीटा झाल्या.
मागे शाळेची पोरं बसतात,
त्यांची कपाळं वेगळ्या उंचीवर,
आणि समोरच्या सीटच्या पाठीला
उघडी लोखंडी नळी.
गुडघे टेकून मी हात लावते.
वीतसुद्धा भरत नाही.
पुन्हा लावते.