एक बरं की दोन?

दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलते.
शेफील्ड, डिव्हिजन स्ट्रीटच्या टोकाला दुकान.
"एक बरं दिसतं की दोन?" विचारते,
आणि चांगली मोठी माणसं घाबरतात,
जणू उत्तर चुकलं तर वर्गाबाहेर उभं करीन.
मत देणं अवघडच.
म्हणून रविवारी ते काम मी अंगावर घेते.

तर, अंतराळवीराचा सिनेमा. पावणेतीन तास.
पृथ्वी वाचली. मला मात्र मधेच आठवलं
की मटार फ्रीजरबाहेरच राहिलेत.
आवाज एवढा की विचाराला उभं राहायला जागा नाही,
पण एका ठिकाणी तो हातमोजा काढतो
आणि स्वतःच्या तळहाताकडे बघत बसतो,
आठ-दहा सेकंद, बस्स.
तेवढ्यात तिकिटाचे निम्मे पैसे वसूल.
उरलेले निम्मे अजून येणं आहेत.

दुसरा, डोंगरावरच्या मेंढपाळ बाईचा.
सगळ्यांनी नावाजलेला, म्हणून मी घरूनच नाक मुरडून निघाले.
कॅमेरा हलत नाही. धुकं, कुंपण, धुकं.
शेजारचे गृहस्थ घोरू लागले
आणि ते घोरणं असं चपखल बसलं
की मला वाटलं पडद्यावरूनच येतंय.
चांगला आहे. पुन्हा बघणार नाही.
काही नातेवाईक असतात तसा.

तिसरा आपला, हिंदी. लग्न, लंडन, पुन्हा लग्न.
त्यात कुणाला सोमवार नसतो,
कुणी हीटर बंद करून स्वेटर चढवत नाही.
हसले मात्र पोट धरून, खोटं कशाला बोलू.

आता ती मलय गाणी.
नूरहयाती आमच्याकडे शिकाऊ आहे, इपोहची.
आम्ही नुसतं हयाती म्हणतो.
जेवणाच्या सुट्टीत इअरफोनचा एक कान तिने मला दिला:
नवा अल्बम, नऊ गाणी, गेल्याच शुक्रवारी आलेला.
पहिल्यात ताल यंत्राचा, गळा माणसाचा,
भांडण बरोबरीत सुटलं.
दुसरं मी मधेच पुढे ढकललं. हयाती रागावली.
तिसऱ्यात ती बाई सारखी म्हणते, चिंता, चिंता,
मऊ आवाजात, वर जाते, पुन्हा चिंता.
मी म्हटलं, बिचारी! कसली काळजी लागलीय एवढी?
घरभाडं? व्हिसा?
हयातीला ठसका लागला.
"चिंता म्हणजे प्रेम," पाणी पिऊन म्हणाली,
"आमच्यात."

माझा घास हातातच राहिला.
कुठल्या गलबतातून गेला असेल हा शब्द,
उतरताना कुणाचं गाठोडं उचललं त्याने चुकून?
मग तिने आणखी काढून दाखवले, एकेक.
दोसा म्हणजे पाप. (मी जोरदार हरकत घेतली.)
मासा म्हणजे वेळ.
ही मात्र पटली. मासाच तो,
धरला म्हणेपर्यंत हातातून सुळकन.

आई मिरजेहून फोन करते.
आयुष्यात कधी प्रेम हा शब्द उच्चारला नाही तिने,
तो सिनेमातल्या लोकांचा.
जेवलीस का, पोचलीस की कळव,
तिकडे चारलाच अंधार पडतो म्हणे,
आणि ठेवताना, ठरलेलं:
"चिंता लागून राहते बघ तुझी."
मी चिडते. सत्तेचाळीस वर्षांची आहे मी, आई.
वीस वर्षं हे वाक्य
चुकीच्या काचेतून ऐकत होते.

संध्याकाळी क्रुक्सची चढण चढणाऱ्या बसमध्ये
तिसरं गाणं चारदा ऐकलं.
एक शब्द सोडला तर काही कळत नाही
आणि तेवढ्यावर भागतं.

काल एक आजोबा आले, ऐंशीचे.
एक बरं की दोन?
बराच वेळ बघून म्हणाले,
"दोन्ही सारखंच दिसतंय हो."
मी तसंच लिहून घेतलं.

आठवं गाणं अगदी टुकार आहे,
तेही सांगायला हवं.