जीभ नसलेलं डोकं

आमच्या शाळेत चोवीस डोकी आहेत.
खुर्च्यांना स्क्रूने बसवलेली, मानेखाली काही नाही.
गाल रबराचे, दात प्लास्टिकचे, बत्तिशी पूर्ण
आणि तोंड, म्हणाल तेवढं उघडं.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमचं भरतं.
अकरा वर्षं मी या डोक्यांवर शिकवलं:
पात्याचा कोन, बोटांची पकड,
आरसा कसा धरला म्हणजे मागच्या दाढेची पाठ दिसते.
एका जबड्याला नव्वद मिनिटं.
चुकलं तर दात बदलायचा. पेचकस, दोन युरो.

नोव्हेंबरात फ्राउक्येचं पत्र आलं,
डेल्फझाइलच्या दवाखान्यातून. माझीच विद्यार्थिनी.
"बाई, तुम्ही शिकवलंत ते सगळं बरोबर आहे.
फक्त ते ज्या तोंडात करायचं
ते तोंड मला अजून भेटलेलं नाही."

वाचून हसले.
रात्री भांडी विसळताना पुन्हा आठवलं, तेव्हा हसू आलं नाही.

म्हणून दर गुरुवारी ग्रोनिंगनहून सकाळची गाडी.
समुद्राच्या बांधावर वाऱ्याकडे पाठ करून मेंढ्या उभ्या असतात,
पलीकडे गोदीच्या क्रेन.
फ्राउक्येच्या शेजारची खुर्ची माझी.

पहिला आला वीबे, जहाजांचा वेल्डर.
जिभेला हाड नसतं हे माहीत होतं,
ती इतकी जोरकस असते हे विसरले होते.
दावं सुटलेल्या वासरासारखी
ती प्रत्येक हत्यारापाशी येऊन नाक खुपसायची.
आरशावर धुकं. लाळेचं तळं.
रक्त पातळ करायची गोळी घेतो हे त्याने
रक्त थांबेना तेव्हा सांगितलं.
तीस मिनिटं होती. त्यातच खुर्ची पुसणं, नोंद लिहिणं,
आणि कोट घालता घालता दारात उभं राहून
त्याने सांगितलेलं बायकोचं आजारपण.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

दुपारी वृद्धाश्रमातून बोलहाउसबाई आल्या.
स्वतःचं नाव विसरलेल्या.
मी म्हटलं, "आ करा."
दातखिळी.
पुन्हा म्हटलं, पुस्तकात लिहिलंय तसं, हळू आणि स्पष्ट.
त्यांनी माझं बोट धरलं ते दातांनीच.

फ्राउक्ये आली. हत्याराला हातही लावला नाही.
ब्रश बाईंच्या मुठीत दिला,
त्या मुठीवर आपली मूठ ठेवली
आणि दोघींनी मिळून वरचे पुढचे सहा दात घासले.
तेवढंच झालं. नोंदीत तेवढंच लिहिलं.

"हे कुठे शिकलीस?"
"इथेच. दोन महिने चावून घेतल्यावर."

माझं मनगट संध्याकाळी चहाचा कप धरेना.

शाळेच्या बैठकीत मी बोलले.
डोर्नबॉस म्हणाले, तास मोजलेले आहेत,
अभ्यासक्रम मंजूर आहे,
आणि रबरी डोक्याला जीभ आणायची कुठून?

सोमवारी मी हातमोज्यात पाणी भरलं,
गाठ मारली आणि तो सातव्या डोक्याच्या तोंडात कोंबला.
भिंतीवरचं घड्याळ तीस मिनिटांवर लावलं.
येल्मरला म्हटलं, तू पेशंटच्या मुलीचा फोन आलाय असं समज,
ती विचारतेय किती वेळ लागेल,
तिच्याशी बोलत बोलत काम कर.

हातमोजा घाबरत नाही, हे मलाही कळतं.
भीती कशात भरायची ते अजून सुचलेलं नाही.
बोलहाउसबाईंची मूठ तर
कुठल्याच दुकानात मिळत नाही.

येल्मरचं पातं घसरलं, हातमोजा फुटला,
पाणी त्याच्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं.
वर्ग हसला. तो नाही.
"बाई, हे परीक्षेला आहे का?"

"पुसून घे," मी म्हटलं,
"सहा मिनिटं उरलीत."