नाकावरचं वजन

अंबडच्या शेडमध्ये तीन घरं उभी होती, चाकांवर.
पहिलं पांढरंशुभ्र, दोन आसांचं,
आत न्हाणीघर, दिवाणाखाली फ्रीज.
पद्माकर त्या दिवाणावर बसला तो उठेचना,
पाहुण्यांकडं चहाची वाट बघत बसावं तसा.
मला आमची गाडी आठवली,
अकरा वर्षांची, चढावर घसा खाकरणारी.
म्हटलं, ऊठ. हे आपल्याला ओढेल, आपण ह्याला नाही.

दुसरं स्वस्त.
खिडकीखाली बोटांनी कलिंगडासारखं ठोकून पाहिलं,
कुठं टणक, कुठं भद्द.
कोपऱ्यात नाक घातलं.
तीस वर्षं सिव्हिलच्या बाळंतीण वॉर्डात
पट्टीखालचं ओलं मला वासावरून कळायचं.
आतून कुजलंय हे, मी म्हणाले.
शकूर तांबोळी हसला,
"ताई, मी घेताना तुम्ही कुठं होता?"

तिसरं अर्धवट.
सातपूरच्या कुणी सांगून ठेवलेलं, नंतर न नेलेलं.
एकच आस, दोन खिडक्या,
भिंतीत स्क्रूची भोकं अजून रिकामी.
उभं राहिलं तर डोकं छताला लागत नाही
एवढीच त्याची श्रीमंती.
तेच घेतलं.

मुलाचा फोन: फ्लॅट विकला, ठीक.
पण आता पत्ता काय लिहायचा?
मी स्टोव्ह बसवत होते. नंतर बोलते म्हटलं.

पद्माकरनं मागचं कपाट पुस्तकांनी गच्च भरलं.
शकूरनं सगळं खाली उतरवायला लावलं.
"जड ते आसावर, आणि बुडाशी.
शेपूट जड झाली की शेपूट गाडीला हलवते, काका."
मग पाण्याची टाकी आसावर, शिवणयंत्र आसावर,
तांदूळ, डाळी, पुस्तकं.
मागं फक्त गाद्या
आणि माझ्या लोकरीच्या गुंड्या.

विल्होळीचा वजनकाटा. पुढं कांद्याचे चार ट्रक.
वॉर्डात मी मोठ्यानं वाचायची,
दोन किलो सातशे, दोन किलो नऊशे,
आणि पलंगावरची बाई श्वास सोडायची.
केबिनमधलं पोरगं ओरडलं, "नऊशे चाळीस!"
आणि श्वास माझा सुटला.
मग नाकाखाली घरातला काटा ठेवला, वर ठोकळा.
पासष्ट.
नेमकं माझ्याएवढं वजन
पुढच्या गाडीच्या हुकावर रेलून उभं.
"एवढं हवंच," शकूर म्हणाला.
"नाक हलकं असलं की घर भरकटतं."

हुकाखाली दोन साखळ्या, एकमेकींवर फुली मारून.
हूक सुटलाच तर नाक रस्त्यात घुसायच्या आत
त्या झोळीसारखं झेलतात.
मी रोज त्या ओढून बघते. पद्माकरही बघतो.
दोघांनी बघितलं हे दोघं एकमेकांना सांगत नाही.

मागं घेणं शिकले गंगापूर रोडच्या एका रिकाम्या प्लॉटवर.
घर डावीकडं न्यायचं तर हात उजवीकडं.
नऊ वेळा कुंपणात.
पद्माकर मागं उभा राहून हात हलवायचा,
कधी या म्हणून, कधी डास मारायला.
शेवटी ठरलं:
आरशात तू दिसला नाहीस तर मी थांबणार.
लग्नाला चौतीस वर्षं झाली, करार हा पहिलाच.

पहाटे निघालो. द्वारका अजून झोपेत.
इगतपुरीपर्यंत घर मागं असल्याचं विसरायला झालं.
कसारा घाटात त्यानं आठवण दिली.
चढावर मागचं ओढतं, उतारावर मागचं ढकलतं.
आधीच दुसरा गिअर टाकलेला.
एक कंटेनर खेटून गेला, वाऱ्याचा थप्पड बसला,
आरशात घर डुललं, इकडं, मग तिकडं जास्त.
ब्रेक नाही.
पाय उचल. हात सरळ.
पद्माकर काही बोलला नाही,
त्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी राहीन.
दोन झोके, अर्धा झोका,
मग घर मुकाट्यानं मागं आलं.

खाली थांबलो. मी उतरून
चाकांच्या मध्याला उलटा हात लावला,
बाळाच्या कपाळाला लावतात तसा.
डावं कोमट. उजवंही.
"काय?" पद्माकरनं विचारलं.
ताप नाही. घरी सोडायला हरकत नाही.
त्यानं वळून घराकडं पाहिलं.